तेजोधराचे अपसव्य

हरिशास्त्री बोरदकर यांनी आयुष्यात सहा बोलपट पाहिले होते आणि सहाही बोलपटांविषयी त्यांचे मत छापून आले होते. ते करमणुकीसाठी बोलपट पाहत, असे म्हणणे म्हणजे मामलेदार करमणुकीसाठी दप्तर तपासतो असे म्हणणे होय. नंदुरबारच्या एका हायस्कुलात ते संस्कृत शिकवीत. उत्तरपत्रिकांच्या निमित्ताने धुळ्याला किंवा मेहुण्याच्या निमित्ताने सुरतेला जाणे घडे, तेव्हा आपला एकही विद्यार्थी जिथे असण्याचा संभव नाही अशा थेटरात, मांडीवर वही आणि हातात पेन्सिल घेऊन ते बसत. परत आल्यावर ‘तापीतीर’ साप्ताहिकातील ‘पाहिले ते’ या सदरात, ‘तटस्थ’ या टोपणनावाखाली, त्या बोलपटाचे जे काही होई त्याला परीक्षण हा शब्द फार सौम्य आहे.

‘शंखद्वीपची राणी’ या बोलपटात एका प्राचीन सम्राटाच्या रथामागे तारेचे खांब दिसले होते. तटस्थांनी ते मोजले. सात भरले. ‘सम्राटाच्या राज्यात तारखाते होते याचा पुरावा म्हणून हा बोलपट पुराणवस्तुसंशोधकांनी जतन करावा,’ अशी शिफारस त्यांनी केली. ‘भस्मकुंड’मधील ऋषीची दाढी शाप देताना डाव्या गालाकडे सरके आणि उःशाप देताना पूर्वस्थळी येई, त्यावर, ‘शापाचे बळ दाढीला कळते, दिग्दर्शकाला कळत नाही,’ एवढे एकच वाक्य होते. ‘पाताळपुरीचा पेच’ यात छातीत भाला रुतलेला खलनायक अकरा कडवी गाऊन मग मरतो. हा बोलपट शास्त्रीबुवांनी दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा ते कडवी मोजायला गेले होते, असे त्यांनी पत्नीला सांगितले. मात्र पुढे महिनाभर स्नानाच्या वेळी त्यांच्या तोंडी त्यातले सातवे कडवे असे आणि पत्नीने त्याचा उल्लेख कधी केला नाही.

या सदराचे नंदुरबारात अकरा वाचक होते. वाचनालयात अंक एकच येई आणि तो अकरा जण क्रमाने वाचत. इतक्या थोड्या वाचकांना इतक्या निर्दोष भाषेत इतके रागावणे हे व्रत आहे. शास्त्रीबुवा ते निष्ठेने पाळीत.

एकोणीसशे सदतीस सालच्या कार्तिकात मात्र बोलपट स्वतःहून नंदुरबारला आला. कोरीटचा रूपचंद नावाचा शेतकऱ्याचा मुलगा नांगर सोडून या धंद्यात शिरला होता. एक यंत्र, एक इंजिन, भाड्याच्या दोन बैलगाड्या आणि एक ठिगळांचा तंबू एवढ्या सरंजामानिशी त्याची ‘तापी टुरिंग टॉकीज’ कापसाच्या जिनापलीकडच्या मैदानात उतरली. खेळ होता ‘तेजोधर-विवाह’.

शास्त्रीबुवांची पंचाईत अशी की, आषाढातच त्यांनी इंग्रजी पाचवीच्या संपूर्ण वर्गाकडून ‘चित्रपटदर्शन विद्यार्थ्यांस वर्ज्य होय’ हे वाक्य पंचवीस पंचवीस वेळा लिहवून घेतले होते. तो संपूर्ण वर्ग आता रोज संध्याकाळी तंबूत पुढच्या रांगेत बसतो, अशी त्यांची पक्की माहिती होती. गेले तर तो वर्ग त्यांना पाहणार. न गेले तर तटस्थ न पाहता लिहिणार. आणि न पाहता लिहिणाऱ्यांविषयी शास्त्रीबुवांचे जे मत होते ते इथे देण्यासारखे नाही.

तोड नर्मदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, भाकरी थापता थापता काढली.

“माझ्याबरोबर चला. मागं बायकांना सोबत म्हणून आलेल्या म्हाताऱ्यांसाठी एक बाक असतं. दिवे गेले की या आणि बसा.”

“मी म्हातारा नव्हे.”

“मफलर गुंडाळलात की व्हाल.”

‘मागं’ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. रूपचंदाच्या तंबूत पडदा मधोमध बांधलेला असे. पुढे पुरुष बसत. बायकांनी पुरुषांच्या नजरेसमोर बसणे बरे नव्हे म्हणून त्यांना पडद्याच्या पलीकडे बसवीत. पडदा मांजरपाटाचा, खेळाआधी त्यावर पिचकारीने पाणी मारले की यंत्रातून पडणारे चित्र कापडातून झिरपून मागच्या अंगालाही उमटे. त्या काळी गावोगावच्या तंबूंत हीच रीत होती. शास्त्रीबुवांनी तोवर बोलपट पाहिले होते ते शहरातल्या थेटरांत, भिंतीवरच्या पडद्यावर. भिंतीला मागची बाजू नसते.

दिवस मावळल्यावर, नावांच्या पाट्या सरून पहिले गाणे सुरू झाल्यावर, मफलर गुंडाळलेले शास्त्रीबुवा मागच्या कनातीतून आत शिरले आणि बाकावर एका निद्रिस्त वृद्धाशेजारी बसले. पुढ्यातच चटईवर नर्मदाबाई होत्या आणि त्यांच्या शेजारी जसोदाबाई. जसोदाबाई ही सारंगखेड्याची गुजर शेतकरीण, बहिणीकडे म्हणून आलेली. ती हा खेळ पाचव्यांदा पाहत होती आणि प्रत्येक प्रसंग घडण्याआधी सांगत होती. घोड्यांच्या जत्रेच्या गावची असल्यामुळे तिचे लक्ष मुख्यतः जनावरांवर असे.

“घोडा झकास शे,” ती म्हणाली. “राजाले बसताच येत नही.”

“बसेल की हळूहळू,” नर्मदाबाई म्हणाल्या.

“पाचवा खेळ शे, बाई. आजून नही शिकना.”

शास्त्रीबुवांनी हे मत मनातल्या मनात ग्राह्य धरले. चौथ्या रिळात विवाह लागला, आणि त्यांची पेन्सिल थबकली.

राजा तेजोधर होमापुढे बसला होता आणि त्याचे जानवे उजव्या खांद्यावर होते. जानवे डाव्या खांद्यावर असते ते सव्य, देवकार्याचे. उजव्या खांद्यावर घेतात ते अपसव्य, आणि ते घेतात पितरांसाठी, श्राद्धाच्या दिवशी. राजा श्राद्धाचे जानवे घालून लग्नाला बसला होता. त्याने आहुती घातली, ती डाव्या हाताने. वधूवरांनी अग्नीला फेरे घातले, ते उलटे. आणि लग्न लागल्यावर नवरी, जिला शास्त्र वामांगी म्हणते ती, निमूटपणे जाऊन नवऱ्याच्या उजवीकडे बसली.

शास्त्रीबुवांच्या अंगावर जो काटा आला तो निव्वळ संतापाचा होता असे म्हणता येणार नाही. तीस वर्षे चुका शोधणाऱ्या माणसाला एकाच प्रसंगात इतक्या, इतक्या शुद्ध स्वरूपाच्या, एकमेकींशी इतक्या सुसंगत चुका सापडणे हा एक प्रकारचा साक्षात्कार असतो. ते अंधारात लिहीत सुटले. पुढे नर्मदाबाई डोळ्यांना पदर लावीत होत्या.

“रडतेस काय?” ते वाकून कुजबुजले. “हे लग्न नव्हे, श्राद्ध आहे.”

“जरा गप्प बसाल का? मुलगी सासरी चालली आहे.”

‘तेजोधर-विवाह: एक शास्त्रीय चिकित्सा’ हा लेख पुढच्याच अंकात आला. ‘उजवा’ आणि ‘डावा’ हे शब्द त्यात चौदा वेळा होते. निष्कर्ष असा की, सदर विवाह मुळात लागलेलाच नाही. सबब शेवटच्या रिळात पाळण्यात दाखविलेल्या राजपुत्राच्या राज्याधिकाराविषयी लेखकास तीव्र शंका आहे.

आणि आजवर कधी न घडलेली गोष्ट घडली. लेख वाचला गेला. अकराऐवजी शंभरांनी वाचला. विप्र-रक्षक मंडळ नावाची एक संस्था नंदुरबारात होती. तिने बरीच वर्षे कोणाचेच रक्षण केले नव्हते, तिला हा लेख म्हणजे संजीवनी झाली. मंडळाच्या अध्यक्षांनी ताबडतोब एक अर्ज लिहिला: ‘आम्ही खाली सह्या करणार यांनी हा अधर्म स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असून...’ त्रेचाळीस सह्या पडल्या. यांतले कित्येक जण रूपचंदाच्या तंबूत पुढच्या बाजूला बसून तेजोधराचे जानवे पाहून आले होते. पण डोळ्यांनी पाहिलेले आणि छापून आलेले यांत मतभेद झाला, तेव्हा सुशिक्षित माणसाला शोभेल त्याप्रमाणे त्यांनी डोळ्यांची साक्ष रद्द केली.

अर्ज, लेखाच्या कात्रणासह, तापीपलीकडच्या मामलेदार कचेरीत गेला. कारण रूपचंदाचा पुढचा मुक्काम सारंगखेड्याची जत्रा हा होता आणि तिथला परवाना त्या कचेरीच्या हाती होता. वर्षभर गावोगाव तंबू ठोकायचा तो या जत्रेच्या भरवशावर. कचेरीने उत्तर पाठविले: ‘परवाना पुढील हुकमापर्यंत तहकूब.’ जत्रेला नऊ दिवस राहिले होते.

रूपचंद दुपारी शास्त्रीबुवांच्या ओट्यावर आला तेव्हा एका हातात कात्रण होते आणि दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेले काहीतरी. तटस्थ कोण हे गावात गुपित होते. म्हणजे ते सर्वांना माहीत होते, आणि सर्वांना माहीत आहे हे फक्त शास्त्रीबुवांना माहीत नव्हते.

“शास्त्रीबोवा, हाई तुम्ही लिखेल शे?”

शास्त्रीबुवा चष्मा पुसू लागले. “लेखक कोण हा प्रश्न गौण आहे. लेखात असत्य काही असेल तर दाखवा.”

“मी काय दखाडू? माले वाचता येत नही. दुसराकडथीन वाची लिधं. तो आर्धं वाची ऱ्हायना तोच मन्हाकडे आसा देखाले लागना, जसं मन्हा घरमा कोणी मरी गयं.” तो ओट्याच्या पायरीवर बसला. “राजानं जानवं कोणता खांदावर शे हाई मी कसाले देखू? मन्हा खांदावर आधी नांगर व्हता, आते पेटी शे. पण जत्रामा तंबू नही लागना, तं आते परत नांगर धरना पडी. आनि बैल तं यंत्र लेवासाठे इकी टाकात.”

हे तो रागाने बोलला असता तर शास्त्रीबुवांजवळ उत्तर होते. तो तसा बोलला नाही. त्याने फडके सोडले. आत तुटलेल्या फिल्मचा हातभर तुकडा होता. नेमका लग्नाचा, कारण लोक तो पुन्हा पुन्हा मागत आणि तो पुन्हा पुन्हा तुटे.

शास्त्रीबुवांनी पोथ्या वाचायचे भिंग आणले, तुकडा उन्हापुढे धरला आणि पाहिले. जानवे डाव्या खांद्यावर होते. आहुती उजव्या हाताने होती. त्यांनी तुकडा उलटा केला. जानवे उजव्या खांद्यावर गेले. पुन्हा सुलटा केला. परत आले. असे त्यांनी पाच वेळा केले आणि मग, तर्क सापडल्याच्या थंड आनंदाने, म्हणाले:

“रूपचंद, तू फिल्म यंत्रात उलटी चढवतोस.”

“उलटी चढावसू तं नावनी पाटी उलटी दिसई ना. वाचनारा लोके माले तंबूसकट जाळी टाकतीन.”

हा युक्तिवाद निर्दोष होता. शास्त्रीबुवांनी तुकडा पुन्हा उन्हापुढे धरला. आतून, तांदूळ निवडत असलेल्या नर्मदाबाईंचा आवाज आला.

“अहो, आपण पडद्याच्या मागं बसलो होतो.”

“मग?”

“मग काय? चोळी उलटी धरली की डावी बाही उजवीकडे येते.”

शास्त्रीबुवांनी भिंग खाली ठेवले. बिंबप्रतिबिंब या विषयावर संस्कृतात जे जे लिहिले गेले आहे त्यातले बहुतेक शास्त्रीबुवांनी वाचले होते आणि त्यातले काही मुखोद्गतही होते. त्यातला एकही ग्रंथ या क्षणी त्यांच्या बाजूने उभा राहायला तयार नव्हता.

“तुला हे ठाऊक होतं?”

“मागं बसणाऱ्या सगळ्यांनाच असतं. आम्ही मनात सरळ करून घेतो.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“तुम्ही छापून आणलंत. मला वाटलं, त्यात काही शास्त्र असेल.”

आता करायचे काय हे उघड होते. म्हणूनच ते करणे अवघड होते. खरे सांगायचे तर सांगावे लागणार की, हायस्कुलातले संस्कृताचे शिक्षक, ज्यांनी पाचवीकडून ते वाक्य पंचवीस वेळा लिहवून घेतले ते, मफलर गुंडाळून, कनातीतून, बायकांत जाऊन बसले आणि पडद्याची पाठ कुठली व पोट कुठले हे न ओळखता त्यांनी चौदा वेळा निवाडा दिला. न सांगावे तर रूपचंदाला नांगर.

समोरचा लोटन शिंपी, ज्याने ओट्यावरचा शब्दन् शब्द शिलाईयंत्र थांबवून ऐकला होता, सल्ला द्यायला आला.

“छापखानावर ढकली द्या, मास्तर. खिळे जुळावनारानं उजवानं डावं करं, आसं लिखा.”

शास्त्रीबुवांनी या सल्ल्याचा पूर्ण एक दिवस गांभीर्याने विचार केला, यावरून त्यांची अवस्था समजावी. पण जो माणूस एकच चूक चौदा वेळा न चुकता करतो त्याला खिळे जुळविणारा म्हणत नाहीत, ग्रंथकार म्हणतात. त्यांनी तो सल्ला सोडला आणि एक दिवसाची रजा घेऊन, तापीपर्यंत मोटारीने, तापी नावेने आणि पुढे टांग्याने, मामलेदार कचेरी गाठली. बेत असा की, गाजावाजा न होता प्रकरण मिटवावे.

“अर्ज मागे घ्यावा असं वाटतं,” ते अव्वल कारकुनाला म्हणाले.

“अर्जदार आपण?”

“नव्हे. पण ज्या लेखावर अर्ज आधारला आहे त्या लेखकाचा आणि माझा परिचय आहे.”

“मग त्यांना पाठवा.”

“ते भिडस्त आहेत.”

“लिहिताना तर दिसले नाहीत.” कारकुनाने कात्रण पुढे ओढले. “शिवाय प्रश्न धर्मशास्त्राचा आहे. रावसाहेब म्हणाले, यात तज्ज्ञाचा अभिप्राय घ्या. तेव्हा आम्ही नंदुरबारच्या हायस्कुलातले कोणी ह. वि. बोरदकर म्हणून संस्कृताचे शिक्षक आहेत, त्यांना नेमलं आहे. आपलं नाव?”

शास्त्रीबुवांनी नाव सांगितले.

“बरं झालं,” कारकून म्हणाला आणि त्याने टपालात टाकायला काढलेला लखोटा परत ओढून त्यांच्या हातात दिला. “इथं सही करा. मिळाल्याची.”

हुकूम असा होता: तज्ज्ञाने जत्रेच्या दोन दिवस आधी सारंगखेड्यास, मामलेदार व अर्जदार यांच्या देखत, सदर बोलपट समोर बसून पाहावा आणि तटस्थांचे म्हणणे खरे की खोटे यावर लेखी अभिप्राय द्यावा. एका माणसाने स्वतःच्या लेखावर सरकारी खर्चाने मत देण्याचा असा योग इतर कोणा विद्वानास लाभल्याचे ऐकिवात नाही.

परतीच्या नावेत शास्त्रीबुवांना एक वाट दिसली. समोरून पाहिले की सगळे सव्य, सगळे यथाविधी. ‘दोष आढळला नाही’ एवढे लिहावे. रूपचंदास परवाना मिळेल. तटस्थाने काय पाहिले हे तटस्थच जाणो. या वाटेवर मफलरचा उल्लेख कुठेच नव्हता. त्यांना चार दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

सारंगखेड्याला तापीकाठच्या मैदानात घोडे येऊ लागले होते. तंबू नुसता पाहणीपुरता उभा केलेला. दुपारची वेळ, म्हणून कनातींवर घोंगड्या घालून अंधार केलेला. पुढे खुर्चीवर मामलेदार, शेजारी तज्ज्ञ, त्यांच्या पाठीशी अध्यक्षांसह एकोणीस अर्जदार. उरलेले चोवीस प्रकृतीच्या कारणाने आले नव्हते. पडद्यामागे गावातल्या बायका, कोणी न बोलावता, नेहमीच्या जागी येऊन बसल्या होत्या. त्यांत जसोदाबाई होती आणि तिच्याकडे उतरलेल्या नर्मदाबाई.

चौथे रीळ लागले. जानवे डाव्या खांद्यावर. आहुती उजव्या हाताने. फेरे सुलटे. नवरी डावीकडे. शास्त्रीबुवांनी दौतीत टाक बुडविला.

“रावसाहेब,” अध्यक्ष उठून म्हणाले, “ही फिल्म बदललेली आहे.”

तंबूत कुजबुज झाली. “नंदुरबारात आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते हे नव्हे. या माणसानं भिऊन दुसरी आणली. म्हणजे अधर्म तर झालाच, वर सरकारची फसवणूक.”

मामलेदारांनी यंत्राकडे पाहिले. “काय रे रूपचंद?”

“दुसरी कोठथीन आनू, रावसाहेब?” रूपचंद म्हणाला. “मन्हापान ही एकच शे.” आणि त्याने, कोणताही आरोप न करता, निव्वळ आशेने, शास्त्रीबुवांकडे पाहिले.

नावेत सापडलेली वाट इथे संपली. ‘दोष आढळला नाही’ हे शब्द आता रूपचंदाला लबाड ठरवायला पुरेसे होते. शास्त्रीबुवांनी टाक खाली ठेवला. उभे राहिले. वर्गात विद्यार्थ्याला उभा करून ते ज्या स्वरात विभक्ती विचारीत, त्याच स्वरात ते बोलले. दुसरा स्वर त्यांच्याजवळ नव्हता.

“फिल्म तीच आहे. लेख माझा आहे. लेख लिहिणाऱ्यानं खेळ पडद्याच्या मागच्या बाजूनं, बायकांमधे बसून पाहिला, आणि तिथून डाव्याचं उजवं दिसतं हे त्याला समजलं नाही. त्याच्याभोवती बसलेल्या प्रत्येक बाईला ते समजत होतं. माझ्या शब्दावर विसंबू नये. रावसाहेबांनी मागं येऊन पाहावं.”

मामलेदार खरोखरच उठले, कनातीला वळसा घालून मागे गेले, बायकांनी पदर सावरून जागा दिली, आणि रूपचंदाने रीळ पुन्हा फिरविले. ते परत आले तेव्हा त्यांच्या मिशा हलत होत्या, पण चेहरा सरकारी होता.

“शास्त्रीबुवा म्हणतात ते बरोबर आहे. मागून श्राद्ध, पुढून लग्न.” ते खुर्चीत बसले आणि अर्ज हाती घेतला. “आता एक बारीकशी बाब. अध्यक्ष, आपण इथं लिहिलं आहे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. उजवा खांदा. आपण त्या दिवशी बसला होता कुठं?”

अध्यक्षांनी वळून इतर अर्जदारांकडे पाहिले. पुढे बसलो म्हणावे तर उजवा खांदा खोटा. मागे बसलो म्हणावे तर बायकांत.

“मी... आम्ही सर्वांनी मिळून...”

“सर्वांनाच विचारतो. जे मागं बसले होते त्यांनी हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. मग कोपऱ्यातला एक वृद्ध अर्जदार उठला. “रावसाहेब, मी खेळ पाहिलाच नाही. मला मोतीबिंदू आहे. सहीसुद्धा मुलानं धरून करवली.” तो इतक्या सरळपणे बोलला की, त्याच्यामागून एकेक जण उठून आपापले नाव खोडायला टेबलापाशी येऊ लागला. खोडण्यासाठी दौत कमी पडली, ती शास्त्रीबुवांनी आपली पुढे केली.

परवाना तिथेच मिळाला. त्यात दोन अटी होत्या. पहिली मामलेदारांची: ‘पडद्याच्या मागील बाजूस बसणाऱ्यांनी धर्मविधींविषयी मत बनवू नये, व बनविल्यास छापू नये.’ दुसरी तज्ज्ञाच्या अभिप्रायावरून घातलेली. तो अभिप्राय शास्त्रीबुवांनी रागाने लिहिला होता आणि हा राग, कदाचित पहिल्यांदाच, योग्य ठिकाणी गेला होता. एका पुरुषाने एकदा उलटे पाहिले तर त्रेचाळीस सह्या होतात, त्यांनी लिहिले. शेकडो बायका गावोगाव वर्षानुवर्षे उलटे पाहत आल्या आहेत, त्याबद्दल अद्याप एकही अर्ज कोणत्याही कचेरीत आलेला नाही. सबब जत्रेच्या पहिल्या खेळास बायकांनी पुढे बसावे आणि पुरुषांनी मागे.

तसे झाले. जत्रेच्या पहिल्या संध्याकाळी तंबू फाटेपर्यंत भरला. पुढे, आयुष्यात पहिल्यांदा, बायका. नर्मदाबाई अगदी मधोमध, मामलेदारांच्या त्या खुर्चीवर. रूपचंदाने ती मुद्दाम राखून ठेवली होती. मागे पुरुषांची दाटी, त्यांत इंग्रजी पाचवीतले निदान सहा जण, जे मास्तरांना पाहून आता लपले नाहीत आणि ज्यांना मास्तरांनी काही लिहायला सांगितले नाही. बाकावर शास्त्रीबुवा, आणि त्यांच्या शेजारी, दुसरीकडे कुठेच जागा न उरल्यामुळे, विप्र-रक्षक मंडळाचे अध्यक्ष.

लग्न लागले. अपसव्य जानवे, डाव्या हाताची आहुती, उलटे फेरे. अध्यक्ष टक लावून पाहत होते. अर्जातला प्रत्येक शब्द अखेर खरा ठरला होता आणि तो कोणाला सांगायची सोय उरली नव्हती.

तेवढ्यात पडद्याच्या पलीकडे गलबला झाला, कनात हलली आणि जसोदाबाई, तिच्यामागे पाचसहा गुजर बाया, चटया काखेत मारून पुरुषांच्या गर्दीत शिरल्या.

शास्त्रीबुवा उभे राहिले. त्यांना मनापासून वाईट वाटले. “बाई, पुढे कोणी त्रास दिला का?”

“तरास कसाना, मास्तर? बसाले चांगलं शे.” जसोदाबाईने पडद्याकडे बोट केले. तिथे नवरी उंबरा ओलांडत होती आणि तिचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे आला होता, जसा जसोदाबाईचा आला होता, जसा तिच्या मागच्या प्रत्येकीचा. “पुढथीन तिना पदर तुमना बायकांगत डावा खांदावर. पुढथीन ती तुमनी पोर शे. आठथीन, मांगथीन, ती आमनी शे.”

“पण हे उलटं आहे,” शास्त्रीबुवा म्हणाले. “तुम्हाला ठाऊक आहे हे उलटं आहे.”

“ठाऊक शे म्हणीसन तं आठे उनूत. नर्मदाबाई तठे रडी ऱ्हायनी, तिले रडू द्या. आमले आमनी पोर सासरे धाडू द्या.”

 शास्त्रीबुवांनी वही मिटली आणि बाकाच्या टोकाला सरकले. जागा तरीही पुरेना. जसोदाबाईने अध्यक्षांकडे पाहिले.

“सरका, बोवा.”

अध्यक्ष सरकले.